तो जाड फ्रेमवाला जर्मन कोण?

प्रश्न: ताई, मुलगा हॅम्बुर्गला असतो, त्यानं एका गोलमटोल चष्मेवाल्या विनोदी नटाची क्लिप पाठवलीय, हाइन्झ एरहार्ट नाव. मी भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकं करते पण एन्ट्रीआधी पाय लटपटतात, म्हणून विचारते, यांना भीती वाटायची का हो? (एक वाचक, सांगली)

उत्तर: वाटायची, खूप वाटायची! १९०९ला रीगामधे (आताच्या लाटव्हियात) जन्म, आजोबांचं वाद्यांचं दुकान, याला व्हायचं होतं पियानोवादक, पण रमला शब्दांच्या कोट्यांत. "आणखी एक कविता" असं म्हणत वेंधळ्यासारखा उभा राहायचा आणि लोक हसून बेजार. आणि तो चष्मा बघा, स्टेजवर नंबराऐवजी साध्या काचेचा घालायचा, म्हणजे समोरचं पब्लिक अंधुक दिसतं आणि भीती कमी होते. मला हे फार आवडतं, तुम्हीपण करून बघा. रेडिओ, मग १९५०-६०च्या दशकांत सिनेमे, घराघरात पोचला. पण १९७१च्या डिसेंबरात स्ट्रोक आला आणि बोलणंच गेलं, लिहिणंही. समजायचं सगळं, वाचताही यायचं, पण ज्या माणसाचं अख्खं आयुष्य शब्दांवर चाललं त्याला शब्दच फुटेना, वाचताना अजून गलबलतं मला. १९७९च्या जूनमधे हॅम्बुर्गलाच गेला. मुलाला सांगा, कवितांचं पुस्तक घेऊन ये.