कुत्र्याचं पिल्लू रात्रभर रडतंय? आधी जवळ झोपवा
अहो पहिले काही दिवस रडणारच ते, परवापर्यंत आई नि भावंडांच्या ढिगात झोपत होतं ना. बाल्कनीत एकटं ठेवू नका प्लीज, खोका तुमच्या बेडशेजारी ठेवा, आत तुमचा न धुतलेला टी-शर्ट टाका आणि कुंईकुंई सुरू झालं की हात खाली सोडा, आमची तर माझ्या बोटावर ओलं नाक टेकवूनच झोपायची. जेवण आठच्या आत. दोन महिन्यांचं पिल्लू तीनेक तासांच्या वर शू धरू शकत नाही, म्हणून रात्री दोनचा अलार्म लावा, उचलून पेपरवर न्या (लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोसायटीत नकोच), खेळ नाही, गप्पा नाही, परत खोक्यात. आणि गायीचं दूध नका देऊ हं, बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात.