पाच का एकवीस? नदीकाठच्या ट्रेल रनबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी परभणीत बँकेत कामाला आहे, वय ३४. दोन वर्षं झाली रोडवर पळतोय, १० किमीला ६२ मिनिटं लागतात. डिसेंबरात गोदाकाठानं ट्रेल रन (डांबर सोडून कच्च्या वाटेनं पळायची स्पर्धा) आहे, ५, १०, २१ आणि ५० किमी असे चार गट आहेत. ग्रुपमधल्या सगळ्यांनी २१ ला नाव टाकलंय आणि मला पण टाक म्हणतायत. नऊ आठवडे हातात आहेत. जमेल का?

जमू शकतं, पण ग्रुपनं टाकलं म्हणून टाकू नका, सगळ्यात आधी तेवढं डोक्यातून काढा. तुमच्या ६२ मिनिटांवरून रोडवरची हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किमी साधारण सव्वादोन तासांत व्हायला पाहिजे, पण हा हिशोब डांबराचा झाला. नदीकाठाला डांबर नसतं ना. थोडी मुरमाड गाडवाट लागते, मग काळं रान, मग उसाच्या फडाकडेचा बांध, मधी एखादा नाला उतरायचा आणि पलीकडं चढायचा, आणि पात्रात उतरलात की वाळू. वाळूत पाय रोवतो आणि पोटऱ्या भरून येतात. लोक म्हणतात नदीकाठ म्हणजे सपाट, डोंगर नाही काही नाही, सोपंच असणार. डोंगर नसतो हे खरं पण दर अर्ध्या किलोमीटरला लय मोडते आणि दमवतं ते हेच. म्हणून माझा अंदाज विचाराल तर तुम्हाला पावणेतीन तास धरून चाला, पाऊस झाला असेल तर तीनच्या पुढं. कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, किती आहे ते नाव टाकायच्या आधी बघा, आणि मधल्या पॉइंटलाही कटऑफ आहे का ते पण विचारा.

काळ्या मातीबद्दल जरा जास्त लिहिते कारण बाहेरून येणाऱ्याला ती माहीत नसते आणि आपल्याला माहीत असून आपण विसरतो. मागं एकदा अवकाळी पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपेगावकडच्या बाजूला पळायला गेले होते, वरून जमीन वाळल्यासारखी दिसत होती, पन्नास पावलं गेले नाही तोच दोन्ही बुटांखाली भाकरीएवढा चिखलाचा थर. काडीनं खरवडायचा, परत वीस पावलं, परत थर. पाय उचलून उचलून मांडीचा वरचा भाग असा दुखला की दोन दिवस खाली बसता येईना. पाऊस नसला तरी थंडीत दव पडतं, गवतातून गेलं की पहिल्या दोन किलोमीटरात मोजे ओले आणि ओल्या मोज्यात फोड ठरलेला. एक जादा जोड मोजे पिशवीत टाका आणि टाचेला व्हॅसलीन लावा.

आता नऊ आठवड्यांचं. आठवड्यातून एक लांब पळणं, ते सुद्धा मातीवरच. ११ पासून सुरू करा आणि पहिले तीन आठवडे दर आठवड्याला दीड किमीच्या वर वाढवू नका, चौथ्या आठवड्यात मुद्दाम १० वर या म्हणजे शरीराला दम खायला मिळेल, मग पाचव्याला १६ आणि सातव्याला १८. शेवटचे दोन आठवडे कमी कमी करत जा. वेग घड्याळात बघू नका, सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की तुम्ही जोरात पळताय. आणि निर्णय आत्ता घेऊच नका, पाचव्या आठवड्यात घ्या. ते १६ किमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, गुडघ्यात कळ नाही आली, तर २१ ला जा. नाही तर १० ला जा. आयोजकांना आत्ताच विचारून ठेवा की नंतर गट बदलून मिळतो का आणि कोणत्या तारखेपर्यंत. १० किमी ट्रेल ही छोटी गोष्ट नाहीये हो, नदीवर धुकं असताना पळणं हा जो आनंद आहे तो १० मध्ये पण तेवढाच मिळतो, उलट जास्त मिळतो कारण मान वर करून बघायला दम शिल्लक असतो.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. शाळेत पळण्यात पहिला येतो. त्याला २१ किमीला उतरायचंय, अविनाश साबळे व्हायचंय म्हणतो. परवानगी देऊ का? (आष्टी, जि. बीड)

२१ ला नको. ५ ला आनंदानं पाठवा. तुमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा आहे अविनाश, त्यामुळं तुमच्या लेकाला तसं वाटणं किती साहजिक आहे. पण त्याला अविनाशची पूर्ण गोष्ट सांगा. शाळेसाठी रोज पायपीट केली, बारावीनंतर फौजेत गेला आणि स्पर्धेतलं पळणं सुरू झालं ते २०१५ च्या आसपास क्रॉसकंट्रीतून, म्हणजे विशी गाठल्यावर. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, तर त्याच्याही नंतर. २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत मारली तेव्हा तो २६ वर्षांचा होता. २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य आणि २०२३ ला हांगझोऊत एशियाडचं सोनं. तेराव्या वर्षी हाडं वाढत असतात, हाडांच्या टोकाची वाढीची जागा कच्ची असते, तिथं लांब अंतराचा मारा नको. त्याला खेळू द्या, कबड्डी खोखो सगळं, पळणं त्यातच येतं.

प्रश्न : वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. कधीच पळाले नाही. सुनेनं ५ किमीला माझं नाव टाकलंय पण घरातले म्हणतात या वयात लोक काय म्हणतील. चालत गेलं तर चालतं का?

चालतं, अगदी बिनदिक्कत चालतं. ट्रेलवर चालणं म्हणजे हरणं नव्हे, ५० किमीवाले पट्टीचे लोकसुद्धा चढ आला की चालतात. आपल्याकडं नाथषष्ठीला पैठणला दिंडीसोबत तुमच्या वयाच्या बाया दिवसाला वीस वीस किलोमीटर चालत जातात तेव्हा कुणी काही म्हणत नाही, मग ५ किमीला का म्हणावं? आधी डॉक्टरांना दाखवा, गोळी त्या दिवशी सकाळी कधी घ्यायची ते त्यांनाच विचारा, छातीत दडपण किंवा डाव्या हातात, जबड्यात दुखलं तर तिथंच थांबायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची. आजपासून रोज अर्धा तास चाला. सुनेचा हात धरून जा, सून फार गुणाची आहे तुमची.

प्रश्न : ट्रेलचे वेगळे बूट घ्यावेच लागतील का?

५ आणि १० ला नाही, तळ गुळगुळीत झालेला नसला म्हणजे झालं. २१ च्या पुढं खाच्याखाच्यांचा तळ असलेले घेतले तर बरं. पण नदीकाठाला वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा काटा पातळ तळातून सरळ आरपार येतो, तेव्हा जाळीचे हलके बूट घालून येऊ नका. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, निदान महिनाभर आधी.

प्रश्न : मागच्या वर्षी २१ किमी पळताना मी प्रत्येक स्टॉलला दोन दोन ग्लास पाणी प्यायलो तरी शेवटी डोकं दुखलं, उलट्या झाल्या, बोटं सुजली. पाणी कमी पडलं का? (नांदेड)

मला उलटंच वाटतं, पाणी जास्त झालं असावं. घामातून मीठ जातं आणि वरून आपण नुसतं पाणी ओतत राहिलो की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलटी, अंगठी घट्ट होणं आणि पुढं बरळायला लागणं ही त्याची लक्षणं, आणि अशा माणसाला लोक डिहायड्रेशन समजून अजून पाणी पाजतात, तिथं जीवावर बेतू शकतं. बरळायला लागला की थेट दवाखाना. यंदा तहान लागेल तेवढंच प्या. ओआरएसची पुडी बरोबर ठेवा, एका लिटरची पुडी पूर्ण एका लिटरातच घालायची, अर्ध्या बाटलीत कोंबायची नाही. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. आणि एकदा रक्त तपासून घ्या, मी इथून लिहितेय, तुम्हाला बघितलेलं नाही.

प्रश्न : आमचं गाव मांजराकाठी, लातूर जिल्ह्यात. दोन वर्षं झाली आमच्या बांधावरून पळायची स्पर्धा जाते. कुणी विचारलं नाही. ज्वारी पोटऱ्यात (कणीस बाहेर पडायच्या बेतात) असते, लोक बांध सोडून रानात शिरतात, कागदी कप आणि पळताना खायच्या त्या जेलच्या पुड्या टाकून जातात. बैलानं पुडी खाल्ली तर? तुम्ही पळणाऱ्यांच्या बाजूच्या, तरी लिहितो.

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत, आणि यात मी तुमच्याच बाजूची आहे. पोटऱ्यातली ज्वारी तुडवली की कणीस गेलं आणि कडबाही गेला, जनावराच्या वर्षाच्या वैरणीचं नुकसान आहे ते, आणि सॉरी म्हणून ते भरून येत नाही. रान तुमचं आहे. परवानगी मागायला आयोजकांनी तुमच्या दारी यायला पाहिजे होतं, पेरणीच्या आधी, म्हणजे कुठं काय पेरणार ते विचारून रूट आखता येतो. यंदा गावातल्या चारपाच शेतकऱ्यांनी मिळून, ग्रामपंचायतीचं पत्र जोडून लेखी कळवा की बांधाच्या दोन्ही अंगाला दोरी बांधा, फक्की मारा, आमच्या शिवारात पाण्याचा स्टॉल ठेवू नका आणि स्पर्धा संपल्यावर त्याच दिवशी माणसं पाठवून बांध झाडून न्या. नाही म्हणाले तर रूट नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि तारीखसुद्धा बघून घ्या, येळवस (वेळा अमावस्या) डिसेंबर-जानेवारीतच येते.

पळणाऱ्यांनो, तुम्हाला पण सांगते. ज्या रानात येळवसेला कडब्याची कोप करून पांडव पुजतात, आंबिल आणि भज्जीचा नैवेद्य दाखवतात, त्याच रानातून तुम्ही जाताय. पुडीचा फाडलेला कोपरा सुद्धा खिशात घाला, तो कोपराच सगळ्यात जास्त पडतो, कारण दातानं तोडून थुंकायची सवय असते. आपला कप आपण आणा. समोरून बैलगाडी आली तर थांबा, बांधाखाली रानात उतरू नका, मागं या आणि गाडीला आधी जाऊ द्या.