न्हाणीतून येणारे उंदीर: औषधाआधी पाईप बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या घरी सासू-सासरे दोघंच असतात, मागच्या न्हाणीत रोज रात्री उंदीर येतो, ३ वेळा विष टाकून झालं, २ वेळा पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेले, पंधरवडाभर बरं जातं की परत तेच. आता कुठलं औषध आणू, असा तुमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं, औषध तूर्त बाजूला ठेवा. एक मेला की त्याच वाटेने दुसरा येतो. ती वाट तुमच्या सांडपाण्याच्या लाइनीत कुठेतरी उघडी आहे आणि ती बुजेपर्यंत हे थांबणार नाही. दापोली-गुहागर पट्ट्यात मी २२ वर्षं घरदुरुस्तीची कामं करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. शिवाय विष खाल्लेला उंदीर पाईपात नाहीतर जोत्यात जाऊन मरतो, मग त्या वासाने घरात बसवत नाही. तोच अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते. आगरात, म्हणजे घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत, घुबडं असतील तर त्यांना जपा, उंदीर मारायला त्यांच्याइतकं कुणी उपयोगी नाही.

येतंय ते कोण, हे आधी ओळखा. अंग सडपातळ आणि शेपूट अंगापेक्षा लांब असेल तर तो घरउंदीर. तो माडावरून, कौलांतून, वाशांवरून येतो, त्याच्यासाठी वर बघायला हवं. अंगाने जाड, तोंड बोथट, शेपूट अंगापेक्षा आखूड, तो गटारातला. आणि जोत्याच्या कडेला ताज्या मातीचा ढीग दिसत असेल तर ती घूस. घूस पाईपाखालची माती उकरून काढते, पाईप अधांतरी राहतो, वरून वजन आलं की सांधा सुटतो, आणि मग त्या सांध्यातून बाकीच्यांची ये-जा सुरू होते. न्हाणीच्या जाळीजवळ ओली पावलं दिसतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून खालूनच येतोय असं धरून पुढचं सांगतो.

आपल्या गावांत मुंबईसारखी भूमिगत गटारं नाहीत. लाइन ज्याची त्याने घातलेली. संडासातून चेंबर, चेंबरातून सेप्टिक टँक, टँकमधून शोषखड्डा. न्हाणी-मोरीचं पाणी तर बऱ्याच घरी पाईपाने थेट माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं आणि त्या पाईपाचं तोंड उघडं. आगरातल्या उंदराला तिथून न्हाणीपर्यंत सरळ रस्ता मिळतो. तुमच्याकडे असं आहे का, हे सासऱ्यांना फोन करून आजच विचारा.

दुसरी गोष्ट ट्रॅपची, म्हणजे पाईपातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागाची. न्हाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात साधारण ५० मिमी पाणी कायम उभं राहायला हवं. ते वास अडवतं. गटारातला उंदीर चांगला पोहतो, श्वास रोखून पाण्याखालून जातो, त्यामुळे तेवढ्या पाण्याने तो हमखास अडतो असं नाही. पण ट्रॅप कोरडा असेल तर अडायचा प्रश्नच नाही. आणि आपल्याकडे नेमकं हेच होतं. चाकरमान्यांसाठी बांधलेली मागची न्हाणी आणि संडास गणपतीला वापरायचं, शिमग्याला वापरायचं, एरवी कडी लावलेली. उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी आटून जातं. तुम्ही म्हणता ती मागची न्हाणीही तशीच, पाहुण्यांपुरती. दर ८ दिवसांनी तिथल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर आणि संडासाच्या भांड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगा. घर बंद करून मुंबईला जायचं असेल तेव्हा पाणी ओतून झाल्यावर वरून वाटीभर खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर बसतो आणि पाणी फार सावकाश आटतं.

आता वाट शोधायची कशी? रांगोळीने. रात्री न्हाणी पुसून कोरडी करा, पंख्याखाली सुकू द्या, आणि जाळीभोवती, भांड्याभोवती, सिंकचा पाईप जमिनीत जातो तिथे चाळणीतून रांगोळी पातळ पसरा. सकाळी पावलं उमटलेली असतात आणि मधून शेपटीची रेघ ओढलेली असते. रेघ जिथून निघते तिथे भोक. सलग ३ रात्री करा, कारण वाटा दोन असू शकतात. मग बादलीभर पाण्यात गेरू कालवून न्हाणीत ओता आणि बाहेर चेंबरचं झाकण उघडून उभे राहा. रंग थोडाच आला, किंवा चेंबरच्या आधीच जोत्याबाहेरची माती लाल ओली झाली, तर मधला पाईप फुटलाय. आमची जांभ्याची माती मुळातच तांबडी, तिथे गेरूऐवजी होळीचा हिरवा रंग घ्या. कुणी म्हणेल चेंबरात जाळ करून धूर सोडा, तो कुठून निघतो ते बघा. तसं करू नका, टँकमधला वायू पेट घेतो. आणि काहीही झालं तरी माणूस टँकमध्ये उतरवू नका. आत गुदमरून माणसं जातात. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं हा गुन्हाही आहे.

हे सगळं मी आमच्या घरात शिकलो. आधीच्या गवंड्याने जुनं संडास हलवलं तेव्हा जुना पाईप तसाच जमिनीत सोडून वरून लाद्या बसवल्या होत्या. आम्हाला पत्ता नाही. वर्षभर विष, पिंजरे, सगळं केलं. आई रात्री न्हाणीत जायची बंद झाली, संध्याकाळनंतर पाणीच पीत नसे. एके दिवशी लाद्यांवर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो तर कोपऱ्यातली एक लादी पोकळ वाजली. ती उचलली. खालची वाळू पार गेलेली, माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी. तळाशी ४ इंची पाईपाचं तोंड, त्याची कड करवतीने कापल्यासारखी कुरतडलेली, दातांच्या जोडीजोडीने खाचा. बाजूला घरटं होतं. काथ्या, दुधाच्या पिशव्यांच्या चिंध्या, आणि देवघरातून नाहीशा होणाऱ्या फुलवातींचा कापूस. हात लावला तर अजून ऊब होती.

असा सोडून दिलेला पाईप सापडला तर नुसता बोळा कोंबू नका. चांगला भाग लागेपर्यंत कापा, सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाईप चिकटवायचा गोंद) लावून टोपी बसवा आणि भोवती काँक्रीट भरा. ओलं काँक्रीट उंदीर पहिल्याच रात्री उकरतो, म्हणून रात्रभर त्यावर जांभ्या दगडाचा चिरा ठेवा. भिंतीतली भोकं बुजवताना आपल्याकडे सिमेंटमध्ये काचा घालतात, ते चांगलं आहे. पण लोखंडी काथ्या (भांडी घासायची तार) किंवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी वापरू नका, खाऱ्या हवेत ती लवकर गंजून झडते. स्टेनलेस जाळी घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडची (खाऱ्या हवेत जास्त टिकणारी) मिळाली तर उत्तम. जाळीचं भोक ६ मिमीपेक्षा मोठं नको, कारण पिल्लू १२ मिमीच्या फटीतूनही निघतं.

स्वयंपाकघरातलं सिंक जरूर बघा. सिंकखालचा नळीदार पाईप जमिनीतल्या जाड पाईपात नुसता सोडलेला असतो, भोवती दोन बोटं फट. वॉशिंग मशीनचा पाईपही तसाच. तिथे बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा, पाणी धरून ठेवणारा) आणि घट्ट बसणारं रबर लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. न्हाणीची प्लास्टिक जाळी काढून स्क्रूने आवळता येणारी स्टीलची बसवा. माडाच्या आळ्यात सुटणाऱ्या पाईपाच्या तोंडाला काढता-घालता येणारी स्टेनलेस जाळी लावा, दर आठवड्याला त्यातला कचरा काढावा लागेल. टँकच्या हवेच्या पाईपाला डासांसाठी कापड बांधलेलं असेल, तिथेही डास शिरणार नाही इतकी बारीक स्टीलची जाळी करून टाका, दोन्ही कामं होतात.

पाईप बदलावा लागला तर प्लंबरला आधीच बजावा की आयएस १३५९२ (सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपांचं भारतीय मानक) चा टाइप बी हवा. टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाईपांसाठी असतो, भिंत पातळ. चार पैसे वाचवायला तोच जमिनीत घातलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. वर गाडी उभी राहिली की चिरतो आणि माडाची मुळं त्या चिरेतून आत शिरतात.

सगळे सांधे धड असूनही संडासाच्या भांड्यातून वर येत असेल तर चेंबरात, घराकडून येणाऱ्या पाईपाच्या तोंडाशी, स्टेनलेसचा झडपेचा व्हॉल्व बसवतात. पाणी जाताना झडप उघडते, उलट बाजूने ढकलून उघडत नाही. एका लाइनीला एक लागतो आणि महिन्याला एकदा धुवावा लागतो. सासऱ्यांना ते जमणार नसेल तर कुणाला तरी नेमून द्या, नाहीतर तिथे तुंबेल.

आणखी एक, यात हयगय नको. सासऱ्यांनी अनवाणी चेंबर उघडायचं नाही. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, भेगाळलेल्या टाचांतून जंतू आत जातात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याचे रुग्ण दरवर्षी असतात. गमबूट, हातमोजे हवेतच. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि घरात उंदीर आहेत हे डॉक्टरना आपणहून सांगायचं.

खोदकाम मे संपायच्या आत उरका. जूनमध्ये चर पाण्याने भरतो आणि त्याच वेळी बिळांत पाणी शिरल्याने उंदीर घराकडे वळतात. शेवटचं भोक बुजवल्यावर न्हाणीत पिंजरा लावून ठेवा, भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्याला येतात. आत अडकलेला एखादा असतोच. रांगोळी मात्र ५ रात्री रोज टाका. पाचव्या सकाळपर्यंत ती जशीच्या तशी राहिली की मग लाद्या बसवून घ्या, गवंडी कितीही घाई करत असला तरी त्याआधी नको.