परभणीत राहून मुलाला स्नोबोर्डिंगमध्ये करिअर करता येईल का?

भाऊ, तुमचं लेकरू अकरा वर्षांचं. टीव्हीवर ऑलिंपिकचा हाफपाइप (बर्फाचा अर्धगोल नळीसारखा चर, त्यात एका फळीवर उभं राहून उड्या मारायच्या) पाहिल्यापासून 'मला हेच करायचंय' म्हणतंय, आणि घरचे 'परभणीत बर्फ कुठला?' म्हणून त्याला गप्प बसवतायत, असं तुम्ही लिहिलंय. त्याला गप्प बसवू नका. मी लातूरला पोरांना जिम्नॅस्टिक्स शिकवतो आणि हा खेळ बऱ्याच वर्षांपासून जीव लावून पाहतो. बर्फाची घाई नको. आधी त्याला हवेत पलटायला आणि नीट पडायला शिकवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे उड्या-कसरतींच्या स्नोबोर्डिंगमध्ये, घड्याळ नसतं. हाफपाइपच्या भिंती जवळपास २२ फुटी, त्यांच्याही वर उडून गिरक्या घ्यायच्या. पंच १०० पैकी गुण देतात, ते उंची, अवघडपणा आणि उतरण्याची सफाई बघून. २०२२ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या आयुमु हिरानोनं ट्रिपल कॉर्क १४४० मारला आणि सुवर्ण घेतलं. १४४० म्हणजे चार पूर्ण गिरक्या, त्यात तीनदा अंग उलटं. असलं काही कुणी थेट बर्फावर शिकत नाही. आधी ट्रॅम्पोलिन, फोमचा खड्डा, हवेची मोठी गादी, आणि मग बर्फ. हाच हिरानो त्याच्या आदल्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डवर उतरला होता. स्केटबोर्डला परभणीतलं सिमेंटचं मैदानही पुरतं.

बहुतेक जण फार लहानपणी सुरू करतात, हे खरंच आहे. अमेरिकेची क्लोई किम चौथ्या वर्षी बोर्डवर उभी राहिली आणि सतराव्या वर्षी सुवर्ण जिंकली. पण ऑस्ट्रियाची आना गासर आधी जिम्नॅस्ट होती, बोर्डकडे वळली अठराच्या आसपास. बिग एअर, म्हणजे एकाच मोठ्या उडीची स्पर्धा, ऑलिंपिकमध्ये २०१८ला आलं. ते सुवर्ण तिचं, २०२२चंही तिचंच. म्हणून अकराव्या वर्षी दार बंद झालं, असं मी मानत नाही.

मला काळजी वाटते ती दुखापतींची, आणि तुम्हालाही वाटली पाहिजे. केविन पिअर्स हा अमेरिकेचा अव्वल खेळाडू. ३१ डिसेंबर २००९ला सराव करताना डोक्यावर आपटला. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण मेंदूला मार बसला आणि स्पर्धेतलं करिअर तिथंच थांबलं. कॅनडाचा मार्क मॅकमॉरिस २०१७ला झाडावर आदळला. जबडा, हात, बरगड्या मोडल्या, एक फुफ्फुस आकसलं. वर्षाच्या आत त्यानं ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं. लोक दुसरी गोष्ट पोरांना आवडीनं सांगतात. तुम्ही पहिलीसुद्धा सांगा.

पैशाचं थोडक्यात : बक्षिसांवर घर चालत नाही, प्रायोजक लागतात. वरच्या पातळीवरचे खेळाडू आपल्या उन्हाळ्यानंतरही बर्फ मिळावा म्हणून न्यूझीलंडला जातात, तो खर्च वेगळाच.

आपल्याकडे गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, त्यात स्नोबोर्डही आहे. पण भर उतारावरच्या शर्यतींवर, हाफपाइपवर नाही. म्हणून फ्रीस्टाइलमध्ये पुढं जायचं तर परदेशी सराव टळत नाही. सैन्याची वाटही लक्षात ठेवा. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला, आणि धावपटू म्हणून घडला तो सैन्यातच. हिवाळी खेळांतही सैन्याचे संघ उतरतात.

तूर्त मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स लावा. जवळ काहीच नसेल तर ज्युडो. पडायचं कसं, हे तिथं पहिल्या दिवसापासून शिकवतात. शाळा सुटू देऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी हौस तेवढीच टिकली, तर जानेवारीत सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली आणि पुढं बसनं मनाली गाठा. मनालीजवळच्या सोलंगला बर्फ असतो, शिकवणारे भेटतात, बोर्ड भाड्यानं मिळतो. हेल्मेट मात्र त्याच्या डोक्याच्या मापाचं, स्वतःचं घ्या.