नवे टायर घेण्याआधी जुन्यावर हात फिरवा

प्रश्न : माझ्याकडे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (ऑटोमॅटिक) आहे. टायर २०५/५५ आर १६. आत्ताचा सेट ३५,००० किलोमीटरच्या आतच संपत आला. पुढचे दोन तर जवळजवळ गुळगुळीत झालेत. महिन्यातून एकदा तरी समृद्धीने नागपूरला जाणं होतं. भरपूर चालतील आणि परवडतीलही, असे टायर सुचवा. दुकानदार म्हणतो ‘एच’ रेटिंगचे घ्या, स्वस्त पडतील, १२० च्या वर कशाला जाल? आणि फक्त पुढचे दोन बदलले तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कंपनी ठरवण्याआधी जुना टायर नीट बघा. माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी टायरचे भाव विचारायला आलं, की मी आधी हेच करायला लावतो. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा आतल्या कडेकडून बाहेर न्या, मग बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवताना नक्षीच्या कडा करवतीसारख्या बोचतात, असं असेल तर टो (चाकाच्या रोखाचा कोन) बिघडलाय. म्हणजे चाक सरळ न फिरता किंचित घासत चाललंय. नुसती आतली कड खाल्ली गेली असेल, तर अलाइनमेंटबरोबर (चाकांच्या कोनांची जुळणी) सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडेही तपासून घ्या. दोन्ही कडा गेल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी राहिली. मधलाच पट्टा झिजला, तर जास्त. यातलं काहीही आढळलं तर पहिला खर्च त्यावर करा. नाहीतर कितीही महागडा टायर टाका, तोही लवकरच जाणार.

झीज सगळीकडे सारखी असेल, तर कारण गाडीच्या ताकदीत आहे. तुमचं इंजिन १८० पीएसचं, टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर. गाडी ओढायची त्यांनी, वळवायची त्यांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर थोडा हळू दाबलात, तर पुढच्या टायरचं आयुष्य नक्की वाढेल.

आता ‘एच’चं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. प्रश्न तुम्ही किती वेगाने जाता एवढाच नाही; ते रेटिंग टायर किती उष्णता सोसू शकतो हेही सांगतं. मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर, चार माणसं आणि सामान घेऊन, तासन् तास १२० ने जाताना टायरची कसोटी उष्णतेचीच असते. शिवाय तुमची गाडी २१० च्या पुढे जाऊ शकते. कंपनीने दिलेलं ‘९१ व्ही’ खाली आणू नका. ९१ हा भाराचा आकडा, एका टायरवर ६१५ किलो. त्याहून वरचं चालेल, खालचं नाही. पैसे वाचवायची ही जागा नव्हे, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

वाचवायची जागा म्हणजे टायरचा प्रकार. गाडी ताकदवान आहे म्हणून स्पोर्ट टायर घेऊ नका. त्यांचं रबर मऊ, पकड जबरदस्त, पण झिजतात लवकर. तुम्हाला हवाय टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीचा टायर. मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी ओल्या रस्त्यावर भरवशाचा आणि आवाजाला शांत, पण महाग. बजेट आवळायचं असेल तर अपोलोचा ॲल्नॅक ४जी किंवा सिएटचा सेक्युराड्राइव्ह बघा. मात्र तुमच्याच मापात आणि ९१ व्ही मध्येच मागा. काही टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा छापलेला असतो, ३०० किंवा ४०० वगैरे. तो किलोमीटरचा आकडा नाही, आणि प्रत्येक कंपनी तो स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी, दोन कंपन्यांत फारसा नाही.

भाव विचारताना दर किलोमीटरचा हिशेब करा. समजा एक सेट २६,००० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला सुमारे ८७ पैसे पडले. दुसरा ३६,००० चा, पण ५०,००० चालला, तर ७२ पैसे. महाग वाटणारा सेट स्वस्त पडला. जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. आणि बसवण्याआधी साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाउनमध्ये पडलेला टायर कितीही सवलतीत मिळाला तरी परत करा.

दोनच बदलायचे का? मागच्या टायरची नक्षी सगळीकडे चार मिलिमीटरच्या वर असेल तर हरकत नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात तिथवर वाट बघू नये. मात्र नवी जोडी मागे बसवा आणि मागची पुढे आणा. बहुतेक ठिकाणी उलट करतात, कारण पुढची चाकं गाडी ओढतात. पण साचलेल्या पाण्यात पुढची चाकं तरंगली तर स्टीअरिंग हलकं लागतं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक निघतो. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असू द्या. मोठ्या अलॉयचा, १७ इंची मापाचा मोह मात्र टाळा: टायर महाग, साइडवॉल बुटकी, आणि शहरातल्या खड्ड्यात रिम वाकण्याची भीती.

हवेचा आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला आहे. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा दिलाय. नागपूरला निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, तो वेगळा आकडा भरा. वाटेत तपासलीत तर हवा वाढलेली दिसेल. घाबरून काढू नका, टायर थंड झाल्यावर ती पुन्हा जागेवर येते. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्या. त्या वेळी अलाइनमेंटही तपासा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या.