प्शेमिश्लला जाताय? 'तुम्ही पोलिश की युक्रेनियन?' हे विचारू नका

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बदली पोलंडमध्ये, युक्रेनच्या सीमेलगतच्या प्शेमिश्ल शहरात होतेय, मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि तिथले शेजारी नक्की पोलिश असतील की युक्रेनियन? व्हिसा, विमा वगैरे सरकारी माहितीत मिळेल, ते सोडते. तुमचा हा प्रश्न मात्र माझ्याही मनात अजून सुटलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

'युक्रेनियन' म्हणून तिथे तीन तऱ्हेची माणसं भेटतील. पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, पोलंडची नागरिक, बहुतेक ग्रीक-कॅथलिक (म्हणजे पोपला मानणारी, पण उपासना ऑर्थोडॉक्स पद्धतीने करणारी). मग २०१४ नंतर कामासाठी आलेली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहराजवळच्या मेदिकाच्या सीमानाक्यावरून जीव वाचवून आलेली. आपले वैद्यकीयचे विद्यार्थीही त्याच नाक्यावरून बाहेर पडले होते. पहिल्यांना 'तुम्ही इकडे कधी आलात?' विचारलंत तर वर्मी लागतं. १९४७ च्या 'व्हिस्तुला' मोहिमेत पोलिश सरकारने सुमारे १,४०,००० युक्रेनियन आणि लेम्को (इथल्या डोंगराळ भागातला एक समाज) माणसं या पट्ट्यातून उचलून देशाच्या पश्चिमेला नि उत्तरेला पांगवली. पोलिश घरांतलं दुःख वेगळं आहे, ते १९४३ मध्ये वोलिन भागात (आज युक्रेनमध्ये) युक्रेनियन बंडखोरांनी केलेल्या पोलिशांच्या कत्तलीचं. ११ जुलै हा तिचा स्मरणदिन. त्या दिवशी युक्रेनियन राष्ट्रवादी नेता स्तेपान बंडेराचा विषय निघाला तर मत देऊ नका, ऐकून घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेले पुष्कळसे पोलिश निर्वासित याच पूर्वेकडच्या मुलखातून सोव्हिएतांनी हाकललेले होते. म्हाताऱ्या शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

आणि रक्तावरून काही ठरत नाही. गॅलिशियात (ऑस्ट्रियाच्या अमलातलं या भागाचं जुनं नाव) मिश्र लग्नात मुलगे बापाच्या पंथात आणि मुली आईच्या पंथात जात. म्हणजे सख्खा भाऊ रोमन कॅथलिक, बहीण ग्रीक-कॅथलिक, आणि त्यांची नातवंडं आज दोन राष्ट्रांची. पोलंडच्या जनगणनेतही २०११ पासून दोन ओळखी नोंदवता येतात. 'ओबिवातेल्स्त्वो' म्हणजे नागरिकत्व, 'नारोदोवोश्च' म्हणजे राष्ट्रीय ओळख. फॉर्म भरताना यांची गल्लत करू नका.

बोलताना एक छोटं अव्यय जपा. 'युक्रेनमध्ये' म्हणायला जुनी पोलिश 'ना' लावते, पण युक्रेनियनांना 'व' हवं असतं, कारण 'ना'मुळे आपला देश कुणाचा तरी प्रांत वाटतो. पोलिश भाषा परिषदेनेही २०२२ मध्ये 'व'चीच शिफारस केली. तुम्ही 'व'च वापरा.

कागदपत्रांचा त्रास खरा आहे. आधी अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), मग पोलंडमधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद. क्रम उलटला तर अपॉस्टिलच्या शिक्क्याचा अनुवाद राहून जातो आणि पैसे पुन्हा जातात. अनुवादाचं एक पान म्हणजे मोकळ्या जागांसह ११२५ अक्षरं, आणि सुरू झालेलं पान पूर्ण धरतात. मुलीच्या जन्मदाखल्यावर तुमचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर लग्नाचा दाखलाही अपॉस्टिल करूनच न्या. नाहीतर ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे खिडकीवर पटवता पटवता महिने जातात.

एकटेपणाचं विचारलंत. भाषा शिका, कमी होतो. त्यावर जास्त लिहिणार नाही.

शाळेचं मात्र मला अजून सलतं. नऊ वर्षांची म्हणजे तुमची मुलगी बहुधा तिसरीत जाईल. तिसरीच्या मे महिन्यात कॅथलिक मुलांचा पहिला पवित्र सहभोजनाचा (फर्स्ट कम्युनियन) सोहळा असतो, आणि वर्षभर वर्गात पांढऱ्या पोशाखाची आणि भेटवस्तूंचीच चर्चा चालते. धर्माचा तास सक्तीचा नाही, पण बाजूला राहिलेलं मूल तिथे उठून दिसतं, मग ते ग्रीक-कॅथलिक असो की आपलं. शिक्षिकेशी सप्टेंबरातच बोला, मे महिना उजाडेपर्यंत थांबू नका.