तुमचे प्रश्न: कोलोरॅडोचा गांजा अन् गावातलं देशीचं दुकान

प्रश्न: माझा मावसभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोले राहते. तो म्हणते तिकडं गांजा दुकानात मिळते, पक्कं बिल देतात, सरकार टॅक्स घेते. आमच्या इकडं तुरीच्या तासात चार झाडं सापडली तं माणूस जेलात. कापसाले भाव नाई, मंग महाराष्ट्र सरकार काऊन परवानगी देऊन नाई राहिलं?
– तरुण शेतकरी, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, मावसभाऊ सांगतो ते खरंय, पण ते त्याच्या राज्यापुरतं खरंय. कोलोरॅडो अन् वॉशिंग्टन या दोन राज्यांत २०१२ साली लोकांनी मतदान करून गांजाला मोकळीक दिली, कोलोरॅडोत दुकानं उघडली १ जानेवारी २०१४ ला. कॅलिफोर्नियानं तर १९९६ लाच औषध म्हणून चालू केला होता. पुढं एकेक राज्य करत २०२३ मध्ये ओहायो धरून २४ राज्यं झाली. पण सगळीकडे हीच हवा नाही बरं का, ओक्लाहोमाच्या लोकांनी २०१८ मध्ये औषधाला हो म्हटलं अन् २०२३ मध्ये मौजेसाठी नको म्हणून सांगितलं, फ्लोरिडात २०२४ ला साधारण ५६ टक्के लोक हो म्हणाले तरी ठराव पडला कारण तिथं ६० टक्के लागतात. आयडाहोत तर काहीच चालत नाही. अन् वरून तिकडच्या केंद्राचा १९७० चा कायदा अजून गांजाला बंदीच घालतो.

आता आपलं. दारू हा राज्याचा विषय, म्हणून गुजरातेत बंदी अन् गोव्यात मोकळं. गांजा मात्र १९८५ च्या केंद्राच्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्यात आहे, तिथं मुंबईचं सरकार स्वतःच्या मनानं दुकानं उघडू शकत नाही. उत्तराखंडनं परवानगी दिली असं व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ती धाग्यासाठीच्या भांगेची आहे, ज्यात नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत लागतो, ओढायचा गांजा नाही तो.

लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् लाखापर्यंत दंड आहे. बी आणून देणारा, माल मीच उचलतो म्हणणारा माणूस धाड पडली की दिसत नाही, सातबाऱ्यावर नाव तुमचं असते. कापसाच्या भावाचा राग मलाही येतो, पण त्यासाठी हा जुगार खेळू नका, हात जोडून सांगते.

प्रश्न: मंग महाशिवरात्रीले भांग कशी चालते?
– वाचक, रामटेक

उत्तर: एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. नुसती पानं अन् बिया त्यात येत नाहीत, म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेचे परवानाधारक ठेके आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, परवान्याशिवाय नाही.

प्रश्न: ताई, आमच्या गावात शाळेच्या रस्त्यावर देशीचं दुकान आहे. मजुरी हाती आली की माणसं तिथूनच घरी येतात. बंद करा म्हटलं तं गडीमाणसं म्हणतात, वर्ध्यात बंदी असून काय झालं, चंद्रपूरची तं उठवली. आम्ही काय करावं?
– बचत गटाच्या बाया, जि. यवतमाळ

उत्तर: बायांनो, गडीमाणसं म्हणतात त्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, पण पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, मोहाची भट्टी तरी पेटतेच. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली अन् २०२१ ला गेली. हरियाणानं १९९६ ला केली अन् दोन वर्षांत उठवली. अमेरिकेनं पण अख्ख्या देशात १९२० ते १९३३ बंदी करून पाहिली, नंतर ज्याचं त्यानं ठरवा म्हटलं तर मिसिसिपी राज्य १९६६ पर्यंत कोरडं राहिलं.

पण तुम्ही जिल्हा मागून नाही राहिल्या, एक दुकान मागून राहिल्या, अन् ते होऊ शकते. २००८ च्या आदेशानं गावाला मतदानाचा हक्क आहे, उभी बाटली (दुकान चालू) का आडवी बाटली (दुकान बंद). गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या घेऊन अर्ज द्यायचा, सह्यांची तपासणी होते, मग गुप्त मतदान.

खरी मेख पुढे आहे. आडवीला अर्ध्याहून जास्त मतं लागतात ती आलेल्या बायांच्या नाही, यादीतल्या सगळ्या बायांच्या. यादीत ८०० नावं असली तर ४०१ पाहिजेत. लग्न होऊन गेलेल्या पोरी, वारलेल्या आज्या, पुण्याला कामाला गेलेल्या सुना, सगळ्यांची नावं तुमच्या विरोधातच मोजली जातात असं समजा. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी घेऊन बसा, वारलेल्यांची अन् गाव सोडून गेलेल्यांची नावं फॉर्म ७ भरून कमी करून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे पण अर्धी लढाई इथंच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान नको म्हणून लेखी सांगा, बाया पहाटे वावरात जातात अन् मजुरी बुडवून कोण येणार. आदल्या रात्री पैसे, साड्या वाटल्या जाऊ शकतात, त्याची तक्रार तेव्हाच करा, फोटोसकट.

दुकान बंद झालं की गावठी वाढेल, हे पण धरून चला. त्यासाठी ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचा, म्हणजे अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाचा, ठराव आधीच घ्या, अन् दिलेल्या प्रत्येक अर्जावर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.